पा-ने, का-ने, मा-नो

४ फेब्रुवारी

प्रिय पोरी,

माझं अक्षर पाहून दचकू नकोस. वाईट काही झालेलं नाही, म्हणजे झालं होतं तेवढंच आहे. फोनच करणार होते, पण फोनवर तुझ्या काकांविषयी बोलायला लागले की हे खुर्चीतून माझ्याकडे टक लावून बघतात. समोर बसलेल्या माणसाबद्दल ‘त्यांना असं होतं, त्यांना तसं होतं’ म्हणायचं माझ्या जिवावर येतं. त्यापेक्षा शिवणाच्या टेबलावर बसून लिहिलेलं बरं. ह्यांना वाटेल, गिऱ्हाइकाचं माप उतरवून घेतेय.

अर्धांगाचा झटका आल्यापासून ह्यांची वाचा गेली ते तुला ठाऊकच आहे. उजवा हात अजून लुळा, पाय ओढत का होईना पण चालतो. तर गेल्या आठवड्यात मी एका पँटची चेन बसवत होते आणि मागून आवाज आला. खणखणीत! माझ्या हातातली कात्री पडली. पण बाई गं, मराठी नाही. इटालियन. इटालियनच असणार, कारण ह्यांना तिसरी भाषा येतच नाही.

तुला माहीत आहे, हे जन्मभर बंदरावरच्या कंपनीच्या इमारतीत वर्ग घ्यायचे. जहाजावर वाढपी म्हणून निघालेल्या पोरांना कामापुरतं इटालियन शिकवायचे. पण घरात त्या भाषेचा एक शब्द काढत नसत. ‘वर्ग वर्गात, घर घरात,’ म्हणायचे. त्यामुळे मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. विद्यार्थी सगळे कुठल्या कुठल्या समुद्रावर, विचारू कोणाला? म्हणून तुला लिहितेय. तू त्या शब्दकोशाच्या कचेरीत दिवसभर इटालियनच चिवडत बसतेस ना?

कानाला पडलं तसं लिहिते. ‘पा-ने.’ ‘का-ने.’ ‘मा-नो.’ ‘लू-ना.’ असे एकेक शब्द, मध्ये थांबत. पहिल्या दिवशी ‘पाने’ ऐकून मी वर्तमानपत्राची पानं नेऊन दिली. ह्यांनी अशी नजर टाकली की मी गुपचूप परत आले.

आता खरं काय ते सांगते. आमचे चिरंजीव म्हणतात, बाबांना आता काही कळत नाही, तू एकटी त्यांना उचलून उचलून मोडून जाशील. त्याच्या गावाजवळ एक शुश्रूषागृह आहे, तिथे ठेवू म्हणतो. पोरगा वाईट नाही, काळजीनंच बोलतो. मी त्याला म्हटलं, ठीक आहे, ते मला ओळखत नसतील तर ने. पण ओळखत असतील तर मी त्यांना कुठे पाठवणार नाही. तो महिनाअखेरीस येणार आहे. तोवर मला कळायला हवं, हे माझ्याशी बोलतायत की भिंतीशी. काय म्हणतायत हे? लवकर लिही.

तुझी
काकू


९ फेब्रुवारी

प्रिय काकू,

तुझं पत्र कचेरीतच उघडलं आणि जेवायची सुट्टी तिथेच संपली. काका बोलले! मला इतका आनंद झाला की शेजारच्या टेबलावरच्या बाईंना मी पत्र वाचूनच दाखवलं. रागावू नकोस.

तू फार छान लिहून घेतलंस. देवनागरीची हीच तर गंमत आहे, इटालियनसारखी भाषा तिच्यात जवळजवळ जशीच्या तशी उतरते. आता अर्थ. पाने म्हणजे पाव. काने म्हणजे कुत्रा. मानो म्हणजे हात. लूना म्हणजे चंद्र.

आणि काकू, ह्या शब्दांची मुळं बघ. पाने हा शब्द लॅटिनमधून आला आणि त्याच्या मुळाशी ‘खाऊ घालणं, सांभाळणं’ असा अर्थ आहे असं मानतात. आपल्याकडचं पालन-पोषणातलं ‘पा’ त्याच घराण्यातलं. काने आणि आपला श्वान हे तर लांबचे भाऊच. म्हणजे काकांच्या तोंडून जे येतंय ते काही अगदी परकं नाही. तुझ्या-माझ्या भाषेचंच चुलत घर आहे ते.

मला वाटतं ते काहीतरी मागतायत. पाव, हात, कुत्रा. आजोबांकडे एक कुत्रा होता, बाबा सांगायचे. काका लहानपणी त्याला आपल्या ताटातला पाव द्यायचे म्हणे. मग रात्रीचा चंद्र आला, म्हणजे अंगण आलं. सगळं जुळतंय! आपल्या माणसाला लहानपण आठवतंय, काकू. तू असं कर, पाव म्हणाले की पाव दे. हात म्हणाले की हात हातात घे. कुत्रा मिळाला तर बघ कुठे. आणि पुढचे शब्द जसे येतील तसे, त्याच क्रमानं लिहून पाठव.

मी स्वतः काकांच्या वर्गात कधी बसले नाही याचं आज वाईट वाटतं. मी इटालियन शिकले ते कॉलेजात, जाडजूड पुस्तकांतून. आमचे मास्तर शब्द उच्चारायचे कमी आणि त्याची वंशावळ सांगायचे जास्त. ते वळण मलाही लागलंय, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

तुझी
पुतणी


१६ फेब्रुवारी

प्रिय पोरी,

तुझ्या विद्वत्तेला दंडवत. आता तुझ्या सल्ल्यानं काय काय झालं ते ऐक.

‘पाने’ म्हणाले, मी ताजा पाव आणून दिला, लोणी लावून. ह्यांनी डाव्या हातानं तो असा भिरकावला की शिवायला आलेल्या पांढऱ्या कोटावर जाऊन पडला, तोही लोण्याच्या बाजूनं. ‘काने’ म्हणाले, तर मी खालच्या घड्याळवाल्याचा कुत्रा वर आणला. कुत्रा खुर्चीभोवती दोन चकरा मारून माझ्या चिंध्यांच्या गाठोड्यावर झोपला. हे कुत्र्याकडे बघेनात, कुत्रा ह्यांच्याकडे बघेना. ‘मानो’ म्हणाले, मी लगेच हात हातात घेतला. तो मात्र थोडा वेळ राहू दिला, खोटं कशाला बोलू? पण मग काढून घेतला आणि खुर्चीच्या हातावर बोटानं टकटक करायला लागले. पुन्हा ‘मा-नो.’ टक, टक. मग माझ्याकडे बघत थांबतात. मी म्हणते, काय हवंय हो? तर डोळे मिटून घेतात आणि श्वास सोडतात. भोपळ्याएवढा उसासा!

नवे शब्दही आलेत. क्रमानं लिहिते, तू सांगितलंस तसं. सेरा, नोत्ते, लेत्तो, गात्तो. मग पोर्ता, बांको. मग क्वेस्तो. आणि काल दुपारी एक लांबलचक, फिनेस्त्रा. प्रत्येकाला तीच टकटक आणि तेच थांबणं. नोत्तेच्या वेळी तर ‘नोत्’ म्हणून किती वेळ अडकूनच बसले, मला वाटलं घास लागला. पाठ चोळायला धावले तर हात झटकला.

पोरी, मला राग येतो गं. मी ह्यांना भरवते, दाढी करते, पाठीला तेल लावते. आणि डोक्यातून सगळी मराठी वाहून गेली, मी वाहून गेले, आणि राहिलं काय, तर ते पाव-कुत्र्याचं इटालियन! इतकी वर्षं मला त्या वर्गाचा हेवा कधी वाटला नव्हता, आता वाटतोय. हसलीस तरी चालेल.

चिरंजीवांचा फोन येऊन गेला. शुश्रूषागृहात एक खोली रिकामी होतेय म्हणाला. खिडकीतून झाडं दिसतात म्हणे. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मग बराच वेळ मशीनच चालवत बसले, दोरा संपला होता तरी.

काकू


२० फेब्रुवारी, सकाळ

प्रिय काकू,

सेरा म्हणजे संध्याकाळ, नोत्ते रात्र, लेत्तो पलंग, गात्तो मांजर, पोर्ता दार, बांको बाक, क्वेस्तो ‘हे’, फिनेस्त्रा खिडकी. नोत्ते आणि संस्कृतातलं ‘नक्त’ एकाच मुळाचे. संध्याकाळ, रात्र, पलंग, दार, खिडकी. मला वाटतं त्यांना रात्री झोप लागत नसावी. पलंग खिडकीपाशी हलवून बघ, कदाचित

त्याच दिवशी, दुपारी

काकू, वरचं सगळं खोडून टाक. मी वेडी आहे. सुतावरून स्वर्ग गाठत होते.

झालं असं, की पत्र अर्धं टाकून मी ते सगळे शब्द एकाखाली एक कागदावर मांडले. मी शोधत होते अर्थ. मग जेवताना नुसती त्यांच्याकडे बघत बसले आणि घास तोंडातच राहिला. अर्थाकडे बघूच नकोस. शब्द तुटतात कसे ते बघ.

पा-ने, का-ने, मा-नो, लू-ना, से-रा. दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन, ते पुढच्या स्वराला चिकटतं. सगळ्यांत सोपं. त्यानंतर नोत्-ते, लेत्-तो, गात्-तो. जोडव्यंजन आलं, ते मधोमध तुटतं, अर्धं अलीकडे, अर्धं पलीकडे. मग पोर्-ता, बां-को. दोन वेगळी व्यंजनं, तीही फुटतात. मग क्वे-स्तो. इथे ‘स्त’ फुटत नाही, दोघं मिळून पुढे जातात. आणि शेवटी फि-ने-स्त्रा, तीन तुकडे, आणि त्यात तीन व्यंजनं एकत्र. सोप्याकडून अवघडाकडे, पायरी पायरीनं! काही मागणारा माणूस असा नेमक्या पायरीनं मागतो का? पाव, कुत्रा, चंद्र कोणालाही एका दमात हवे नसतात.

काकू, काका काही मागत नाहीयेत. ते शिकवतायत. हा पहिला धडा आहे. टकटक म्हणजे तुकडे पाडून दाखवणं. ‘नोत्’वर ते अडकले नव्हते, तसंच थांबायचं असतं तिथे. आणि प्रत्येक शब्दानंतर तुझ्याकडे बघत थांबतात ते तू मागून म्हणावंस म्हणून! आणि तू काय करतेस, तर पाव आणतेस, कुत्रा आणतेस. चूक माझी, मीच सांगितलं तुला. एखाद्या मास्तरानं ‘क कमळातला’ म्हणावं आणि विद्यार्थ्यानं तळ्याकडे धावत सुटावं, तसं आपण वागलो.

तर आता काही आणू नकोस. समोर बस आणि त्यांच्यामागून म्हण.

थोडं सांगून ठेवते. ‘त’ आपल्या ‘ताका’तलाच म्हण, ‘टाका’तला नाही. जोडव्यंजनावर जरा रेंगाळ. आपलं ‘पता’ आणि ‘पत्ता’ यांत जसा फरक आहे तसा तिथेही आहे. आणि आपण मराठी माणसं सगळी अक्षरं एका वजनानं म्हणतो. ते लोक बहुतेक वेळा शेवटून दुसऱ्या तुकड्यावर जोर देतात. फि-ने-स्त्रामधला ‘ने’ सगळ्यांत मोठा. पुढे कदाचित ‘बाञो’ येईल, म्हणजे न्हाणीघर. त्यात आपला ‘ञ’ आहे, शाळेत शिकवतात आणि नंतर कोणी ओळखही दाखवत नाही तो. त्या बिचाऱ्याला तिकडे कायमची नोकरी आहे.

आणि एक प्रयोग करशील? दोन-तीन दिवस नीट म्हण. मग एकदा मुद्दाम चूक. जोर भलत्याच तुकड्यावर दे. बघ, त्यांना कळतं का. चूक ओळखायची तर ऐकावं लागतं, मनातल्या बरोबर शब्दाशी ताडून बघावं लागतं. भिंतीशी बोलणाऱ्याला त्याचं काय?

मला राहवत नाहीये. लवकर लिही.

पुतणी


१ मार्च

प्रिय पोरी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा कळलं नाही, दुसऱ्यांदा हसले, तिसऱ्यांदा उठले आणि हातातलं काम बाजूला ठेवून ह्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले.

हे म्हणाले, ‘पा-ने.’ मी म्हटलं, ‘पा-ने.’

काय सांगू तुला! ह्यांचा चेहरा! झटका आल्यापासून तो अर्धा चेहरा माझ्यासमोर नुसता लोंबत होता. त्याच चेहऱ्याची चांगली बाजू अशी उजळली की मला स्टुलावर बसवेना. मान हलवली, बोट आपटलं, ‘का-ने!’ मी ‘का-ने!’ मशीनवर गिऱ्हाइकाची पँट तशीच, दारात गिऱ्हाईक उभं, आणि आम्ही दोघं कुत्रा-कुत्रा, मांजर-मांजर करतोय. गिऱ्हाईक गेलं की आलं कोणास ठाऊक.

मी विद्यार्थिनी म्हणून दगड आहे हेही कळलं. गात्तोला दोन दिवस अडवून धरलं ह्यांनी मला. ‘गातो’ म्हटलं की डोळे मिटायचे. तुझं ते पत्ता-पता आठवून एकदाचं जमलं तेव्हा हे असे मागे टेकले, जणू जहाज धक्क्याला लागलं. तुझा ञ पण आला बघ! बाञो. तो मला पहिल्या झटक्यात जमला, बाकी सगळ्यात माझ्या नाकी नऊ आले.

मग तुझा प्रयोग. मी साळसूद चेहरा करून म्हटलं, ‘फी-नेस्त्रा’, सगळा जोर पहिल्यावर. ह्यांची मान ताडकन वर. टक टक टक! ‘फि-नेऽऽ-स्त्रा!’ मी पुन्हा तेच केलं. ह्यांनी डाव्या हातानं माझ्या गुडघ्यावर चापट मारली. हे ऐकतात, पोरी. प्रत्येक अक्षर ऐकतात. मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडाला लावून रडले आणि बाहेर येऊन पुन्हा स्टुलावर बसले.

इथपर्यंत सगळं गोड. परवा चिरंजीव आले. मी मोठ्या ऐटीत त्याला वर्ग दाखवला. त्यालाही स्टुलावर बसवला. ह्यांनी त्याच्याकडूनही म्हणून घेतलं, त्याच्याही चुका काढल्या, तोही हसला. मग जेवून झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘आई, बाबांना ऐकू येतं, कळतंही काहीतरी, हे मी मान्य करतो. पण तू म्हणालीस, ओळखत असतील तर. त्यांनी मला आणि तुला सारखंच वागवलं. स्टुलावर घड्याळवाला बसला असता तरी त्यांनी असंच शिकवलं असतं. ते तुला विद्यार्थी म्हणून ओळखतात, आई. तू म्हणून नाही.’

पोरगा खोटं नाही बोलला, तेच तर झोंबलं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम घड्याळवाल्याला बोलावून बसवलं. हे त्यालाही तितक्याच आनंदानं शिकवत होते. तोच उजळलेला चेहरा.

चिरंजिवानं खोली पंधरवडाभर धरून ठेवायला सांगितलीय. तुला माझी शपथ आहे, माझं मन राखायला काही लिहू नकोस. खरं काय ते लिही.

काकू


६ मार्च

प्रिय काकू,

खरं लिहायचं तर, मला माहीत नाही.

बोलण्याचे व्यायाम करून घेणाऱ्या एका बाईंना मी जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, जे आयुष्यभर रोज त्याच क्रमानं तोंडातून गेलंय, ते अशा आजारात कधी कधी सगळ्यांत आधी परत येतं. काकांनी पहिला धडा किती वेळा घेतला असेल! त्यामानानं घरातलं बोलणं कधीच सारखं नसतं, रोज नवं. म्हणून ते मागे राहिलं असेल. यावरून ते तुला ओळखतात असंही ठरत नाही आणि ओळखत नाहीत असंही नाही.

बाई म्हणाल्या, त्याच पद्धतीनं मराठी शब्द घेऊन बघा. वस्तू दाखवायची, तुकडे पाडायचे, टकटक करायची. त्यांची पद्धत त्यांच्यावरच उलटवायची. करून बघ, काकू. होईल की नाही सांगता येत नाही.

इथे काम करताना सारखं तुमचंच मनात येतं. काल एक शब्द आला, निपोते. इटालियनमध्ये नातू आणि पुतणी दोघांनाही हा एकच शब्द, आणि तो आणि आपला ‘नातू’ सख्खे म्हणावेत इतके जवळचे. टेबलावर बसून मी तो मोठ्यानं तोडून म्हटला, नि-पो-ते, आणि मला काकांसमोर त्या स्टुलावर बसावंसं वाटलं. रजा मागितली आहे. मिळाली की येते. तोवर तू हातपाय गाळू नकोस, आणि जे होईल ते लिही, वाईट असलं तरी.

पुतणी


१४ मार्च

प्रिय पोरी,

आधी मराठीचा वर्ग कसा बुडाला ते सांगते. मी भांडं दाखवलं, बोट आपटलं, ‘भां-डं.’ हे माझ्याकडे बघतच राहिले. खुर्ची दाखवली, ‘खुर्-ची.’ ह्यांनी तोंड फिरवलं. कंगवा, चष्मा, कात्री, सगळं घर पालथं घातलं. शेवटी ह्यांनीच बोट उचललं आणि ‘पा-ने’ सुरू केलं. म्हणजे मास्तर मीच, तू बस. जन्मात ह्या माणसानं कोणाकडून काही शिकून घेतलं नाही, आता काय घेणार? मी हात टेकले. चिरंजिवाला फोन करायचाही विचार केला, खोटं सांगत नाही.

काल दुपारी मी ह्यांच्या गोळ्यांसाठी पेला भरून आणला. मन इतकं विटलं होतं की उभ्या उभ्याच विचार करत होते. म्हटलं, हे शिकणार नाहीत, पण शिकवल्यावाचून राहणारही नाहीत. चूक ऐकली की ह्यांना राहवतच नाही. आणि मग मला तो प्रयोग आठवला नाही, ह्यांचा स्वभावच आठवला. घरात कोणी ‘न’चा ‘ण’ आणि ‘ण’चा ‘न’ केला की हे जेवणावरून उठायचे. चिरंजीव लहानपणी शाळेतून काहीबाही उचलून आणायचे तेव्हा किती रामायण व्हायचं!

मी पेला ह्यांच्यासमोर धरला आणि अगदी ठणकावून म्हटलं, ‘पानी.’

मान वर. मी पुन्हा, ‘हे घ्या पानी.’

ओठ हलले. वाकडे झाले, सरळ झाले. बोट खुर्चीवर आपटलं. ‘पा-णी!’

पोरी, माझ्या हातून पेला पडला नाही एवढंच. मी लगेच डोळ्याकडे बोट केलं. ‘डोला.’ ‘डो-ळा!’ शिवणाच्या डब्यातलं काढून दाखवलं, ‘बटन.’ ‘ब-टण!’ हे आता चिडले होते, कान लाल झाले होते. मला हसू आवरत नव्हतं. ‘शाला.’ ‘शा-ळा!’ ‘फला.’ ‘फ-ळा!’ इतकी वर्षं नीट मराठी बोलून मला ह्या माणसाकडून जे मिळालं नव्हतं ते गावंढळासारखं बोलून मिळत होतं. मी थांबेचना. ‘केलं.’ ‘के-ळं!’ ‘लोनी.’ ‘लो-णी!’

मग मी पुन्हा पेला उचलला आणि म्हटलं, ‘पानी.’

ह्यांनी बोट उचललं, पण आपटलं नाही. तसंच वर राहिलं. माझ्याकडे बघत राहिले. तसं बघणं मी स्टुलावर बसल्यापासून पाहिलं नव्हतं. घड्याळवाल्याकडे असं बघितलं नव्हतं, चिरंजिवाकडेही नाही. मग तोंडाची ती चांगली बाजू जरा वर गेली आणि हे हळूच, टकटक न करता, एका दमात म्हणाले,

‘येतं की तुला.’

वर्गात हे सगळ्यांना अहो-जाहो करायचे. मिसरूड न फुटलेल्या पोरालाही ‘तुम्ही म्हणा बरं’ असंच म्हणायचे, मी कंपनीच्या समारंभात माझ्या कानांनी ऐकलंय. ‘तू’ फक्त घरात. आणि माझी लबाडी ओळखायची तर आधी मला ओळखायला हवं, नाही का? घड्याळवाल्याला शुद्ध बोलता येतं की नाही, हे ह्यांना काय माहीत?

चिरंजिवाला संध्याकाळी फोन करून सांगितलं, ती खोली दुसऱ्या कोणाला देऊन टाक म्हणावं. त्यानं कारण विचारलं, मी ‘पानी’पासून ‘तुला’पर्यंत सगळं सांगितलं. मग म्हणाला, ‘आई, मलाही एकदा पानी म्हणू दे.’ रविवारी येतोय.

तू रजा मिळाली की ये. मी तर त्या ‘तुला’नंतर स्टुलावर बसून भोकाड पसरलं, ह्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून. हे डाव्या हातानं डोक्यावर थोपटत होते. पेला माझ्या हातातच होता, आणि ह्यांना गोळीबरोबर पाणी द्यायचं राहूनच गेलं.

तुझी
काकू